शिखरावरील वाढती गर्दी

आल्प्स पर्वतातील पित्झ लिनार्ड या ३४१० मीटर उंचीच्या शिखरावर १८३५ साली ओस्वाल्ड हेर हा स्विस निसर्गशास्त्रज्ञ चढून गेला, तेव्हा माथ्यावरील खडकांत त्याला अँड्रोसेस अल्पिना ही एकच सपुष्प वनस्पती आढळली. २०११ साली त्याच माथ्याची पाहणी झाली, तेव्हा दप्तरी १६ जातींची नोंद झाली. या वाढीला निसर्गाची समृद्धी मानणाऱ्यांशी माझा तीव्र मतभेद आहे.

अँड्रोसेसची सारी वाढ गादीसारखी जमिनीलगत, आणि तिची पाने परस्परांना इतकी बिलगलेली, की वाऱ्याला आत शिरकाव मिळत नाही, उन्हाच्या वेळी आतली ऊब बाहेरच्या हवेहून कित्येक अंशांनी अधिक राहते, आणि स्वतःचीच जुनी पाने कुजून तिला मातीचा आधार होतो. थंडी, वारा, अल्पजीवी उन्हाळा हे सारे ती सोसते. सोसवत नाही ती उंच शेजाऱ्यांची सावली. हवा तापली, बर्फ लवकर वितळले, की खालच्या कुरणांतील झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती वर सरकतात, आणि मूळच्या रहिवाशांना मात्र सरकायला वर मुलूखच उरलेला नसतो. दीर्घायुषी वनस्पती लगेच मरत नाहीत, म्हणून ही हानी यादीत दिसायला अनेक दशके लागतात.

आयबेक्स या कड्यांवरील रानबोकडाची कथा याहून आशादायक आहे. शिकारीमुळे शंभराच्या आसपास उरलेल्या या प्राण्याला सव्हॉय दरबाराच्या १८२१ च्या मनाई हुकुमाने, पुढे राजाच्या राखीव रानाने आणि १९२२ पासून ग्रान पारादिसो राष्ट्रीय उद्यानाने तारले. आज आल्प्समध्ये वावरणारे सारे आयबेक्स त्याच अवशिष्ट कळपांचे वंशज आहेत. हुकुमाने बंदूक थांबली. पण उन्हाच्या दिवसांत हेच धिप्पाड नर चांगला चारा सोडून अधिकाधिक उंच चढतात, आणि त्या उष्णतेला उद्यानाच्या सीमेवरचा कोणताही रखवालदार अडवू शकत नाही.

म्हणून कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनाला आळा घालणारे कायदे हेच आता शिखरांचे संरक्षक कायदे समजून सरकारांनी ते तातडीने अमलात आणावेत. आणि पर्वतीय उद्यानांच्या अहवालांत नव्या जातींच्या आकड्याशेजारी, मूळच्या जातींनी किती जागा गमावली याचाही रकाना सक्तीचा करावा.