शाल नको, फी भरा

निकाल लागले की गुणवंतांचे सत्कार सुरू. शाल, श्रीफळ, फोटो, पाकीट. पाकिटात पाचशे एक! आणि त्याच पोराला दोन दिवसांत प्रवेशाची फी भरायची असते. ती मागायला जा, "ट्रस्टींची मीटिंग दिवाळीनंतर."

१९१३ साली सयाजीरावांनी आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, असं ठरवून. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी, तसा करारच होता. जाचक म्हणा हवं तर, पण व्यवहार स्वच्छ. १८९२ पासूनची जे. एन. टाटा शिष्यवृत्तीही कर्जाऊच. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. आमच्या दात्यांना मात्र परतफेड नको, पोरगं स्टेजवर हवं. तेही आईसकट! अहो, त्या फ्लेक्सच्या पैशांत त्याच्या मेसचे दोन महिने निघाले असते.