घाम गाळला तरच खेळाडू का?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक घेतलं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, फटाके वाजवले. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर मी हेही ऐकलं, "नेम धरायचा आणि चाप ओढायचा, यात कसला आलाय खेळ? पळाला असता तर मानलं असतं."

हे बोलणाऱ्यांना माझा एकच प्रश्न. आठ किलोपर्यंत वजनाची रायफल हातात घेऊन गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून साठ गोळ्या मारायच्या. पन्नास मीटरवरच्या लक्ष्याचं 'दहा'चं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर. श्वास जरा हलला की पदक गेलं. करून बघा एकदा!

गोल्फची तीच गत. "श्रीमंतांचा फेरफटका" म्हणून आपण हसतो. पण स्पर्धेत सलग चार दिवस रोज अठरा होल खेळायचे, म्हणजे दिवसाला सात-आठ किलोमीटर चाल, आणि शेवटच्या फटक्यापर्यंत हात स्थिर. टोकियोत आदिती अशोकचं पदक एका फटक्यानं हुकलं. गंमत बघा, मिल्खा सिंगांसारख्या धावपटूचा मुलगा जीव गोल्फर झाला आणि त्यालाही अर्जुन पुरस्कार मिळाला.

आणि बुद्धिबळ? देशातला पहिला खेलरत्न विश्वनाथन आनंदला मिळाला, दुसरा बिलियर्ड्सच्या गीत सेठींना. म्हणजे सरकार दरबारी हा वाद तीस वर्षांपूर्वीच मिटलाय. २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख १९ व्या वर्षी महिला विश्वचषक जिंकून आली. तरी आपल्या गावाकडं "बैठा खेळ" हा शब्द अजून नाक मुरडूनच उच्चारला जातो.

आता उलटी बाजू. २०२२ मध्ये राज्य सरकारनं दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं आणि गोविंदांना नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ देऊ म्हणून जाहीर केलं. स्पर्धा परीक्षेची पोरं चिडली. थर लावायला ताकद लागते, काळीज लागतं, यात वादच नाही. घाम हीच कसोटी असेल तर गोविंदा आनंदच्या कितीतरी पुढं. पण नोकरी द्यायची तर निवड कशी झाली, गुण कोणी दिले, तालुक्यापासून राज्यापर्यंतच्या स्पर्धा कुठं झाल्या, नोंद कुठं आहे, हे विचारावंच लागेल. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं या राज्यात कमी गाजलेली नाहीत.

म्हणून माझं मत सरळ आहे. खेळाडू कोण, हे घामावरून ठरवू नका. नियम सगळ्यांना सारखे आहेत का, निवड खुली आहे का, वर्षानुवर्षांचा सराव लागतो का, आणि हार-जीत त्या माणसाच्या स्वतःच्या कौशल्यावर ठरते का? चारही उत्तरं 'हो' असतील तर तो खेळाडू. मग तो मॅटवर असो, पटासमोर असो नाहीतर हिरवळीवर.

हे मी उगाच लिहीत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेनं २९ ऑगस्टच्या क्रीडा दिनी कबड्डीच्या आणि धावण्याच्या पोरांचा सत्कार केला. विभागीय स्पर्धेत बुद्धिबळ खेळून आलेली पोरगी मात्र खाली बसून टाळ्या वाजवत होती. सरांना विचारलं तर म्हणाले, "अहो, ते काय मैदानी नाही ना." दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठीचा तिचा प्रस्तावही याच सरांच्या टेबलावरून जाणार आहे.

तुमच्या गावात असं एखादं पोर असेल तर शाळेत जाऊन विचारा. आणि माझं म्हणणं पटत नसेल तर खाली बिनधास्त लिहा, भांडू. फक्त घामाचा मुद्दा सोडून दुसरा काहीतरी आणा.