वंश बुडाला म्हणे!

इंग्लंडच्या मध्ययुगात विल्यम मार्शलसारखा दुसरा सरदार झाला नाही, असे तिकडचे इतिहासकार अभिमानाने सांगतात. त्याविषयी आमची तक्रार नाही. बापाचा चौथा मुलगा, वाट्याला वीतभर जमीन नाही. पण मनगटाच्या जोरावर हा माणूस पेम्ब्रोकचा अर्ल झाला. १२१६ साली जॉन राजा मेला तेव्हा गादीचा वारस नऊ वर्षांचा पोर होता. सत्तरीला टेकलेल्या मार्शलने राज्याची धुरा खांद्यावर घेतली, १२१७ साली लिंकनच्या लढाईत स्वतः घोडा घातला आणि मॅग्ना कार्टा नव्याने जाहीर करून राज्य सावरले. १२१९ साली तो वारला. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याचे दफन झाले.

तक्रार आहे ती पुढच्या वाक्याविषयी. मार्शलला पाच मुलगे होते. ते एकामागून एक अर्ल झाले आणि एकामागून एक निपुत्रिक मेले. १२४५ साली वंश बुडाला! हे वाक्य इतक्या सहजपणे लिहिले जाते, की त्यात काही खोटे असेल अशी शंकाही वाचणाऱ्याला येत नाही. वाचकहो, ते साफ खोटे आहे. कारण मार्शलला पाच मुलीही होत्या, आणि त्या पाचही जणींना मुलेबाळे झाली.

हा दृष्टिदोष त्या घराण्यात जुनाच होता. ११५२ साली स्टीफन राजाने न्यूबरीच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा मार्शलच्या बापाने तहासाठी हे लहान पोर राजाकडे ओलीस ठेवले आणि लगेच वचन मोडले. पोराला फासावर देऊ, अशी धमकी आली. बापाने उलट निरोप धाडला, की याहून चांगली पोरे घडवायला हातोडा आणि ऐरण दोन्ही माझ्यापाशी शाबूत आहेत. राजाला दया आली म्हणून पोर वाचले. या गोष्टीतल्या बापाच्या उलट्या काळजाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ऐरण म्हणजे कोण, हे कोणी विचारले आहे काय? घाव सोसायचे ऐरणीने आणि नाव व्हायचे हातोड्याचे!

आता हे वैभव आले कोठून तेही पाहू. मार्शल मैदानी झुंजींत कितीही गाजला, तरी चाळिशी उलटेपर्यंत तो मोठा जमीनदार नव्हता. ११८९ साली रिचर्ड राजाने त्याचे लग्न इझाबेल द क्लेअर हिच्याशी लावून दिले. ती तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. राजाच्या ताब्यातली, लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेली वारसदार मुलगी. तिचा बाप स्ट्राँगबो. भाऊ अज्ञान वयातच वारलेला. तिची आई ईफा ही आयर्लंडातील लेन्स्टरच्या राजाची मुलगी. स्ट्राँगबोला लेन्स्टर लाभले ते ईफाशी लग्न केल्यामुळे. म्हणजे चेपस्टोचा किल्ला, पेम्ब्रोकवरचा हक्क आणि अख्खे लेन्स्टर हे सारे मार्शलच्या घरात आले ते एका लेकीच्या हातून, आणि त्यातले लेन्स्टर तर आधीच्या दुसऱ्या लेकीच्या हातून आलेले.

मार्शलला स्वतःला हे पक्के ठाऊक होते. १२०७ साली जॉन राजाने त्याला आयर्लंडातून बोलावून घेतले, तेव्हा जाण्यापूर्वी त्याने आपल्या सरदारांना जमवून गरोदर इझाबेलला त्यांच्यापुढे उभे केले. ही तुमची मालकीण, माझे जे आहे ते हिच्यामुळे आहे, अशा अर्थाचे तो बोलला. पाठीमागे शत्रूने उचल खाल्ली, तेव्हा तिने आपल्या माणसांकरवी मुलूख राखला. नवऱ्याला जे कळले ते इतिहासकारांना कळू नये, याला काय म्हणावे?

मुलग्यांचे पाहा. थोरला विल्यम १२३१ साली गेला. दुसरा रिचर्ड राजाशी बिघडून १२३४ साली किलकेनीत जखमांनी मेला. तिसरा गिल्बर्ट १२४१ साली झुंजीच्या खेळात घोड्यामुळे प्राणाला मुकला. वॉल्टर आणि अन्सेल्म १२४५ च्या अखेरीस काही आठवड्यांच्या अंतराने गेले. पाचही विवाहित होते. औरस संतती एकालाही नव्हती. मग दंतकथा निघाली, की मार्शलने आयर्लंडातल्या फर्न्सच्या बिशपची गावे बळकावली होती, त्याचा शाप भोवला. शाप खरा मानला, तरी तो फारच अर्धवट फळला म्हणायचा! थोरली मॉड तेव्हा जिवंत होती. १२४६ साली राजाने मार्शलपदाची काठी तिच्या हाती दिली. ती वारल्यावर तिच्या चार मुलांनी तिला खांदा देऊन टिन्टर्नच्या मठात नेले, जिथे तिची आई इझाबेल विसावली होती. दुसऱ्या इझाबेलचा पणतू रॉबर्ट ब्रूस १३०६ साली स्कॉटलंडचा राजा झाला आणि १३१४ साली त्याने बॅनकबर्नला इंग्रजांना धूळ चारली. ईव्हाच्या वंशात मॉर्टिमर घराणे आले, आणि त्यातून १४६१ साली चौथा एडवर्ड इंग्लंडच्या गादीवर बसला. दोन देशांच्या गाद्यांपर्यंत पोचलेल्या वंशाला बुडालेला म्हणायचे असेल, तर तरलेला कोणाला म्हणायचे?

यावर कोणी म्हणेल, की इस्टेटीचे पाच तुकडे झाले, सिबिलच्या वाट्याचे तर तिच्या सात मुलींत पुन्हा सात झाले. घराण्याची ताकद मोडली, हे खोटे कसे? खोटे नाहीच. मुलगा असेल तर थोरल्याने सगळे घ्यावे आणि मुलीच असतील तर सगळ्यांनी सारखे वाटून घ्यावे, असा त्या देशाचा कायदा होता. पण इस्टेट वाटली जाणे वेगळे आणि वंश बुडणे वेगळे. शिवाय इझाबेलच्या हातून हीच मिळकत घरात आली तेव्हा तो मार्शलचा भाग्योदय ठरला. त्याच कायद्याने ती मार्शलच्या लेकींकडे गेली तेव्हा तो सर्वनाश कसा ठरला? आत येताना चालणारे नाणे बाहेर जाताना खोटे होत नसते.

हा कारभार केवळ इंग्रजांचा असता तर दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचकांपुढे ठेवला नसता. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली कायद्याने दिला. पण लेकीसुनांनी भरलेल्या घरातही 'वंशाला दिवा नाही' हा सुस्कारा अजून ऐकू येतोच. वंशावळीच्या तक्त्यात मुलाच्या नावाखाली रेघ ओढली जाते आणि मुलीच्या नावाखाली, नाव लिहिलेच असले तर, कागद कोरा राहतो. त्या कोऱ्या जागेलाच आपण 'वंश बुडाला' म्हणतो. बुडत काहीच नाही. लिहिणाऱ्याचा हात तिथे थांबतो, एवढेच. यंदा सुटीत मुले आजोबांना घराण्याची हकीकत विचारायला बसली, तर आजोबांनी मुलीच्या नावाखालचीही रेघ पुढे ओढावी. कागद पुरणार नाही, इतकी माणसे सापडतील.