अभयदान फक्त मुक्या जिवांनाच का?



पर्युषणात स्थानकात अंतगड सूत्राचं वाचन असतं. अर्जुनमाळ्याची कथा आली की आपले डोळे भरून येतात. रोज सहा पुरुष आणि एक स्त्री मारणारा तो माणूस सुदर्शन श्रावकाबरोबर भगवंतांपुढे आला, दीक्षा घेऊन साधू झाला. राजगृहीत गोचरीला गेला की ज्यांची माणसं त्याने मारली होती ते लोक त्याला शिव्या घालत, मारत. त्याने सगळं समभावाने सोसलं आणि मोक्षाला गेला.

व्याख्यान संपतं. चपला शोधता शोधता पेपरातल्या एखाद्या चोरीचा विषय निघतो आणि आपल्यातलंच कुणीतरी म्हणतं, "सडू दे मेल्यांना आत, सरकार फुकट पोसतंय." अहो, आत्ताच काय ऐकलं आपण?

मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे आकडे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. जागा ४,३६,२६६ जणांची. आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावर गुन्हा अजून शाबीत झालेलाच नाही. जवळजवळ सगळी जागा त्यांनीच भरली! यातले कितीतरी जामीन मंजूर होऊनही आत आहेत, कारण भरायला पैसे नाहीत, जामीनदार राहायला कुणी नाही. बाईला अटक झाली तर सहा वर्षांपर्यंतचं तिचं लेकरूही आईबरोबर आत राहू शकतं. त्या लेकराचा गुन्हा कोणता?

"मग खुनी, बलात्कारी सोडायचे का?" असं लगेच विचारलं जातं. नाही हो. नव्या फौजदारी कायद्याचं कलम ४७९ नीट वाचा. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप आहे, त्याला ही सवलत नाही. बाकीच्यांत पहिल्यांदाच पकडलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडायचं. त्यासाठी तुरुंग अधीक्षकानेच कोर्टाला अर्ज करायचा. कायदा आहे. पाठपुरावा करणारं कुणी नाही.

आणि शिक्षा झालेल्यांचं म्हणाल, तर आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी १९३९ मध्ये सुरू केलेली कैद्यांची खुली वसाहत. खुनाची शिक्षा झालेले कैदीही तिथे बायकामुलांसह राहून शेती करत आले आहेत. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचलेला. सिनेमाला आपण रडलो, पण माणूस सुधारतो हे मात्र मनाला पटवून घेतलं नाही.

आपला समाज जीवदयेला हात आखडत नाही. खाटकाकडून जनावरं सोडवतो, पांजरपोळांना चारा पाठवतो. पाठवायलाच हवा, त्यातला एक रुपयाही कमी करा असं मी म्हणत नाही. पण सगळ्या दानांत अभयदान श्रेष्ठ म्हणतो ना आपण? मग पंचेंद्रिय मनुष्यगतीतला जीव काही हजारांच्या जामिनासाठी पिंजऱ्यात असताना आपली पावती का फाटत नाही?

या चातुर्मासात संघाच्या ट्रस्टींना हे विचारा. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. जामीन मिळूनही कोण कोण आत अडकलंय, याची चौकशी तिथे जाऊन करता येते. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर महिला मंडळाच्या चौघी मिळून जा. मी येते बरोबर.