स्वस्त राउटर महाग का पडतो?

मुलीचा ऑनलाइन क्लास, आखातात नोकरीला असलेल्या मुलाचा व्हिडिओ कॉल, अब्बांचे बँकेचे काम, हे सारे आज कोपऱ्यातल्या एका छोट्या डब्यावर चालते. तो डबा वर्षभरात बंद पडला की, "लाइट गेली-आली, त्यात उडाला असेल," असे म्हणून आपण नवा आणतो. पण दरवेळी दोष लाइटचाच नसतो. किंमत कमी ठेवण्यासाठी आतून जे काढले, त्याचाही असतो.

काटकसर सगळीच वाईट नसते. जाड खोक्याऐवजी पातळ खोके, चार दिव्यांऐवजी दोन, यात ग्राहकाचे नुकसान नाही. आमचा आक्षेप आहे तो न दिसणाऱ्या काटकसरीवर.

राउटरच्या आत आणि त्याच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये छोट्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांच्यातला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. साधा कपॅसिटर 85 अंशांवर 1000 तास टिकेल अशा हिशेबाने बनवतात, तर चांगला 105 अंशांवर 2000 तास. तापमान 10 अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. आता डब्याच्या आत 65 अंश धरा. साध्या कपॅसिटरला 4000 तास मिळतात, चांगल्याला 32000. राउटर रात्रंदिवस चालू असतो, म्हणजे एकाचे साडेपाच महिने आणि दुसऱ्याची साडेतीन वर्षे. दोघांच्या किमतीत फरक फार थोडा, पण लाखो डबे बनवणाऱ्याला तोही मोठा वाटतो.

दुसरी काटकसर मेमरीची. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-54जी हा राउटर जगभर गाजला होता. 2005 साली त्याची पाचवी आवृत्ती आली. नाव तेच, रूप तेच; पण फ्लॅश मेमरी 4 मेगाबाइटवरून 2 वर आणि रॅम 16 वरून 8 वर आणली होती. आतली लिनक्स प्रणालीही बदलली. जाणकारांनी ओरड केल्यावर जुनी मेमरी असलेला राउटर कंपनीने वेगळ्या नावाने विकायला काढला. यातून शिकण्यासारखे एवढेच की, खोक्यावरचे नाव तेच असले तरी आतला माल तोच असेल असे नाही. मेमरी तोकडी असली की पुढे सुरक्षेच्या सुधारणा बसवायला जागा उरत नाही, आणि घराचे दार उघडे राहिल्यासारखे होते.

तिसरी गोष्ट आकड्यांची. खोक्यावर ठळक 1200 लिहिलेले असते. ते दोन वाय-फाय पट्ट्यांच्या, म्हणजे 300 आणि 867 यांच्या बेरजेला गोल केलेले असते. त्याच डब्याचा केबलचा पोर्ट मात्र कधी कधी 100 मेगाबिटचाच असतो. मग आपण 200 चा प्लॅन घेऊन पैसे भरले, तरी आत 100 च्या वर काही येत नाही.

मग करायचे काय? दुकानात आधी विचारा, पोर्ट गिगाबिट आहे का? वॉरंटी किती वर्षांची? पाठीमागे लिहिलेला हार्डवेअर आवृत्तीचा क्रमांक पाहा आणि कंपनी त्या आवृत्तीला अजून सुधारणा देते का, ते तपासा. घरी राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटात कोंडू नका. त्याला हवा लागली पाहिजे. तो सारखा बंद-चालू होऊ लागला तर फेकण्याआधी अ‍ॅडॅप्टर बदलून पाहा. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त आणि पिन तशीच हवी. डोके फुगलेला कपॅसिटर असेल तर दुरुस्ती करणारा कारागीर तो थोड्या पैशांत बदलून देतो. स्वतः अ‍ॅडॅप्टर उघडू नका, त्यात शॉक लागण्याचा धोका असतो.

ज्याच्या हाती पैसा मोजका, त्यालाच स्वस्त वस्तू पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. दीड वर्षात दोनदा घेतलेला डबा एकदाच घेतलेल्या चांगल्या डब्यापेक्षा महाग पडतो, आणि जुना कचऱ्यात जातो तो वेगळाच. खरेदीची बरकत किमतीच्या चिठ्ठीवर कळत नाही. वस्तू किती वर्षे कामाला आली, त्यावरून कळते.