भाडे थकले तर मूठ झाकू नका

मराठीत भाडे, कन्नडमध्ये बाडिगे आणि आमच्या आदिलाबादच्या बाजारात तेलुगूत अद्दे. शब्द तीन, पण महिन्याची पहिली तारीख तिन्ही भाषांतल्या घरांत सारखीच येते.

इंग्लंडमध्ये नगरपालिका आणि गृहसंस्था गरजूंना कमी भाड्याने घरे देतात. भाडे थकले तर कोर्टात जाण्यापूर्वी भाडेकरूशी बोलावे, झेपेल असा हप्ता ठरवावा, सरकारी मदत मिळण्यासाठी हातभार लावावा, अशी तिथली रीत आहे. २०२१ पासून देणेकऱ्याला ६० दिवसांची उसंतही मिळू शकते.

आपल्याकडचा रिवाज वेगळा. सरकार गरिबाला घर देते ते बहुधा मालकीचे. आंध्रात २००६ मध्ये इंदिरम्मा घरे आली, त्यांत अनुदानासोबत कर्जही होते. तेलंगणात २०१५ नंतर ५६० चौरस फुटांची डबल बेडरूम घरे फुकट देण्याची योजना आली. २०२४ पासून घर बांधायला ५ लाख रुपयांची मदत सुरू झाली. चांगलेच झाले. पण ज्याच्या नावावर घर नाही, जागाही नाही, तो कोणाच्या तरी खोलीत भाड्याने राहतो. त्याचे भाडे थकले तर कोणते कार्यालय विचारणार?

माझ्या वर्गात जैनद, बेला या भागांतली मुले येतात. त्यांतली काही गावात खोली करून राहतात. घरची कमाई कापसावर. पैसा दिवाळीनंतर हाती येतो, भाडे मात्र दरमहा द्यायचे. आषाढ-श्रावणात एखादा मुलगा वर्गात दिसेनासा झाला, की चौकशीअंती पुष्कळदा कळते, दोन महिन्यांचे भाडे राहिले आहे आणि घरमालकाला तोंड दाखवायची लाज वाटते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण थकबाकीची मूठ झाकली तर आतले देणे महिन्यागणिक वाढते.

म्हणून कायदा थोडा तरी माहीत हवा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे कायद्यात थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस घरमालकाला त्या कारणाने दावा लावता येत नाही. समन्स आल्यावरही ९० दिवसांत थकलेले भाडे, १५ टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला तर घर वाचू शकते. कर्नाटकाच्या १९९९ च्या कायद्यात नोटिशीनंतर दोन महिने मिळतात. तेलंगणातल्या १९६० च्या कायद्यानुसार भाडे मुद्दाम थकवलेले नसेल तर रेंट कंट्रोलर ते भरायला १५ दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतो. मात्र कर्नाटकात आणि तेलंगणात ठरावीक रकमेपेक्षा जास्त भाड्याची घरे या कायद्यांत येत नाहीत. म्हणून आधी वकिलाला विचारावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत सल्ला मिळतो.

कायद्याच्या आधी माणुसकी येते. २०२० च्या टाळेबंदीत तेलंगण सरकारने घरमालकांना तीन महिने भाडे मागू नका, नंतर हप्त्याने घ्या, असे सांगितले होते. संकटात जे सरकारने सांगितले, ते एरवी आपण आपसांत का करू नये? घरमालकही सगळे सावकार नसतात. कित्येक विधवा बायकांचे पोट त्या एका खोलीच्या भाड्यावर चालते. त्यांनाही वेळेवर कळले तर त्या आपली सोय पाहतात.

तेव्हा वाचकहो, तारीख उलटण्याआधी स्वतः जाऊन सांगा. निम्मे असेल तर निम्मे द्या आणि पावती घ्या. उरलेले कापूस विकल्यावर की पगारानंतर, ते कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. मालक पैसे घेईनासा झाला तर मनिऑर्डर करा आणि तिची पावती जपून ठेवा. आणि घरात वडीलधाऱ्यांना, मुलांनाही खरे काय ते सांगा. मुलगा कॉलेज सोडून घरी बसण्यापेक्षा त्याने मालकाच्या दारात उभे राहून दोन महिन्यांची मुदत मागितलेली कधीही बरी.