नियम कोणाच्या हिताचा?

एखाद्या तरुणाच्या अंगात कसब आहे, तो काम करायला तयार आहे, एक मालक त्याला कामावर घ्यायलाही तयार आहे. आणि तरीही धंद्यातल्या सर्व मालकांनी मिळून ठरवावे की, याने अमुक वर्षे थांबलेच पाहिजे. अशा नियमाला काय म्हणायचे? मालक त्याला शिस्त म्हणतात. आम्ही त्याला संगनमत म्हणतो. अमेरिकेतील स्पेन्सर हेवूड या बास्केटबॉलपटूने १९७१ साली न्यायालयात हेच म्हटले आणि न्यायालयाने ते मानले. विशीत कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या खेळाडूंची नावे आज जगाला पाठ आहेत. त्यांच्यासाठी दार उघडणाऱ्याचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

हेवूडचा जन्म १९४९ चा, मिसिसिपी राज्यातील सिल्व्हर सिटी या खेड्यातला. कृष्णवर्णीय कुटुंब, घरात भावंडे पुष्कळ, वडील त्याच्या जन्माआधीच वारलेले. लहानपणीच कापूस वेचायला शेतात जावे लागले. पुढे डेट्रॉइट शहरात शाळा झाली आणि खेळ फुलला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये वयाच्या १९ व्या वर्षी त्याने सुवर्णपदक मिळवले. अमेरिकेच्या संघात सर्वाधिक गुण त्याचेच होते. त्यानंतरच्या मोसमात डेट्रॉइट विद्यापीठाकडून खेळताना त्याची सरासरी सामन्यामागे ३२ गुणांची होती. तिकिटे विकली जात होती, पण खेळाडूला पगार नाही. तो 'हौशी' ना!

१९६९ साली ए.बी.ए. या नव्या व्यावसायिक लीगने त्याला शिक्षण पुरे होण्याआधीच घेतले. डेन्व्हर रॉकेट्सकडून पहिल्याच मोसमात सामन्यामागे ३० गुण. सर्वोत्तम नवोदित तोच आणि सर्वोत्तम खेळाडूही तोच. परंतु कराराचा जाहीर झालेला आकडा मोठा असला तरी त्यातील बराच पैसा कित्येक वर्षांनंतर हाती यायचा होता. २१ वर्षे पूर्ण होताच, आपली फसवणूक झाली आहे असे म्हणून हेवूडने तो करार झुगारला आणि १९७० च्या अखेरीस एन.बी.ए. मधील सिएटल सुपरसॉनिक्सशी नवा करार केला.

येथे नियम आडवा आला. शालेय शिक्षण संपल्यापासून चार वर्षे होईपर्यंत कोणालाही एन.बी.ए. मध्ये खेळता येणार नाही, असे लीगचे कलम होते. मुलांचे शिक्षण बुडू नये, हा त्यामागचा उदात्त हेतू सांगितला जाई. आम्ही विचारतो, ज्याला शिकायचे आहे त्याला कोणी अडवले होते? नियमाचा खरा लाभ पाहा. विद्यापीठाला चार वर्षे बिनपगारी खेळाडू मिळे आणि लीगला तयार झालेला, नावारूपाला आलेला खेळाडू आयता मिळे. दोघांचे भले, आणि खर्च कोणाचा? खेळाडूच्या उमेदीच्या वर्षांचा.

हेवूडने मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधार घेतला. जिल्हा न्यायालयाने मनाई हुकूम दिला, अपील न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि १ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी तो हुकूम पुन्हा लागू केला. खेळाडूची कारकीर्द थोड्या वर्षांची असते. ती वाया गेली, शरीर आणि कौशल्य गंजले, तर ते नुकसान भरून येत नाही, हे त्यात मान्य झाले. वकिली करणाऱ्यांना यातील मर्म लगेच कळेल. अंतिम निकाल चार वर्षांनी बाजूने लागला असता तर हेवूडच्या हाती फक्त कागद उरला असता. ज्याचे आयुष्य रोजच्या कामावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी वेळेवर मिळालेला अंतरिम आदेश हाच न्याय असतो.

पुढे तडजोड झाली, पण मालकांची हुशारी पाहा. त्यांनी लवकर प्रवेशाची सोय केली ती 'आर्थिक अडचण' दाखवणाऱ्यांसाठी! हक्क मागितला, तर सवलत दिली. आणि तीही गरिबी सिद्ध केल्यावर. ही अट जायला १९७६ साल उजाडले. केविन गार्नेट, कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स हे थेट शाळेतून आले ते याच वाटेने.

हेवूड चार वेळा ऑल-स्टार संघात निवडला गेला. नंतर कोकेनच्या व्यसनात तो सापडला आणि १९८० च्या अंतिम मालिकेच्या वेळी लेकर्स संघाने त्याला निलंबित केले. बघा, पैसा लवकर मिळाला की असे होते, असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना एवढेच सांगतो की, तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. वयाचा कोणता नियम त्याला वाचवणार होता? तो सावरला, आणि २०१५ साली हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळाले.

लढाई मात्र संपलेली नाही. २००५ च्या करारात लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने १९ वर्षांची अट पुन्हा आणली; अमेरिकन मुलाला शाळेनंतर एक वर्ष थांबावेच लागते. या वेळी अट संघटनेच्या संमतीने आली. पण संघटनेत कोण होते? जे आधीच आत पोहोचले होते ते. दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या वतीने त्या टेबलावर कोणी बसले नव्हते. विद्यापीठांनाही आपल्या खेळाडूंना थेट पैसा देण्याची मुभा मिळायला २०२५ साल यावे लागले.

म्हणून 'तुमच्याच भल्यासाठी' असे सांगून कोणी थांबायला लावले, तर दोन प्रश्न विचारावेत. या थांबण्यातून कमाई कोणाची होते? आणि हा नियम ठरला तेव्हा आम्ही कोठे होतो? हेवूडने ते एकविसाव्या वर्षी विचारले. ते विचारायला आणखी वय वाढण्याची वाट पाहावी लागत नाही.